तिसऱ्या पानावरच्या अडीच ओळी

सात नंबरच्या मूळ अर्जाचं तिसरं पान मी खिडकीच्या काचेवर धरलं आणि दोन्ही तळहातांनी सपाट दाबलं. काच गार होती. बाहेर चांगलं ऊन होतं, त्यामुळे कागदातून उजेड आरपार आला आणि मार्करच्या काळ्या पट्टीखालून निळ्या शाईची अक्षरं दिसायला लागली. आधी एक वेलांटी, मग एक उकार, मग ‘आई’ हा अख्खा शब्द. मी मागे वळून दार बंद आहे ना ते पाहिलं. वास्तविक दार सताड उघडं असतं तरी काही बिघडलं नसतं. ऑफिस माझं, कागद माझ्या ताब्यातला, आणि ती काळी पट्टीही मीच पट्टी लावून ओढलेली. तरी कुणाच्या तरी कपाटात हात घातल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली. ही मजा माझ्या ओळखीची आहे. लहानपणी वाण्याकडून सामान ज्या कागदात बांधून यायचं तो कागद मी डाळ डब्यात ओतायच्या आधी वाचून काढायची. शेजाऱ्यांची पत्रं, भिंतीवरच्या नोटिसा, दवाखान्यात दुसऱ्याच्या हातातली चिठ्ठी, काही म्हणजे काही सोडायची नाही. माझी मोठी बहीण मला चोंबडी म्हणायची, अजून म्हणते. या स्वभावाला पगार देणारी नोकरी मला मिळाली हे माझं नशीब. विद्यापीठात प्राध्यापकांच्या नेमणुका होतात, त्यात आपल्याशी भेदभाव झाला असं कुणाला वाटलं की ती तक्रार माझ्या टेबलावर येते. लोक एकमेकांविषयी काय काय लिहितात ते मी सरकारी शिक्क्यानिशी वाचते.

सात नंबरची तक्रार सकाळीच आली होती. एका पानाची, नीट टाइप केलेली, रडारड अजिबात नाही. संख्याशास्त्र विभागातल्या एका जागेसाठी तिने अर्ज केला होता. छाननीतच ती गळली, मुलाखतीला बोलावणंच आलं नाही. ‘माझ्या नोकरीत सहा वर्षांचा खंड आहे. त्याचं कारण मी अर्जाच्या तिसऱ्या पानावर दिलं आहे. तरीही छाननी समितीने “खंडाचे कारण नमूद नाही” असा शेरा मारून सातत्यासाठी वीसपैकी दोन गुण दिले. मी स्त्री असल्यामुळे माझं कारण वाचण्याच्या लायकीचं समजलं गेलं नाही, असं माझं म्हणणं आहे.’ हे वाचून मला आधी हसू आलं. कारण समितीला ती स्त्री आहे हे कळायला मार्गच नव्हता. सहा वर्षांपूर्वी मीच ती पद्धत बसवली होती. अर्ज आला की नाव, फोटो, जन्मतारीख, घरचा पत्ता, सगळं काळ्या मार्करने झाकायचं, त्याची झेरॉक्स काढायची, कोपऱ्यात नंबर टाकायचा आणि ती झेरॉक्स समितीला द्यायची. समितीपुढे माणसं जातच नाहीत, नंबर जातात. कुलगुरूंनी भर सभेत माझं कौतुक केलं होतं. दुसऱ्या दोन विद्यापीठांतले लोक येऊन आमचे मार्करसुद्धा कुठल्या कंपनीचे ते विचारून गेले होते. तेव्हा बाई खोटं बोलतेय, किंवा फार तर कारण लिहायचं विसरलीय, असं धरून मी समितीकडची झेरॉक्स काढली. तिसऱ्या पानावर खंडाच्या रकान्यात कारण नव्हतं. तिथे अडीच ओळी लांबीचा काळा ठोकळा होता.

काचेवर कागद धरून धरून दंड दुखायला लागले तेव्हा मी तो खाली घेतला, पेन्सिल घेतली, पुन्हा धरला आणि एकेक शब्द उतरवत गेले. ‘आईच्या दीर्घ आजारपणात तिची पूर्णवेळ शुश्रूषा. याच काळात तिच्या उशाशी बसून दोन शोधनिबंध पूर्ण केले. ते यादीत क्रमांक नऊ व दहावर आहेत.’ बस्स, एवढंच. मी यादी उलगडली. नऊ आणि दहा होते, आणि त्यातला दहावा बऱ्यापैकी गाजलेला असावा, कारण त्याच्या पुढे दुसऱ्यांनी दिलेल्या संदर्भांचा आकडा इतर सगळ्यांहून मोठा होता. समितीने ते निबंध पाहिले असतील, पण वयाचा अंदाज येऊ नये म्हणून मी सालंही झाकते, तेव्हा ते सहा रिकाम्या वर्षांतले आहेत हे त्यांना कळलंच नसणार. रिकामी वर्षं मी तयार केली होती. आमच्या नियमात लिहिलंय, ‘अर्जदाराचे लिंग, वय किंवा कौटुंबिक परिस्थिती सूचित करणारा मजकूर झाकावा.’ वाक्य माझंच आहे, मीच घडवलं, ‘सूचित’ हा शब्द सुचला तेव्हा खूश झाले होते. आजारी आईची शुश्रूषा हे बाईचं काम, म्हणजे वाचणाऱ्याला बाई सूचित होणार, म्हणजे झाकायचं. हा हिशेब मी कधी केला ते आठवायचा मी प्रयत्न केला आणि लक्षात आलं, की केलाच नव्हता. हातानेच परस्पर केला होता.

तो दिवस मात्र आठवला. जेवणानंतरची वेळ, चौतीस अर्जांचा गठ्ठा, पंख्याखाली पानं उडू नयेत म्हणून वर ठेवलेलं पंचिंग मशीन. मार्करचा वास मला आवडतो, थोडं डोकं हलकं होतं त्याने. कागदावर तो चिरकतो तो आवाजही आवडतो. पहिल्या वर्षी मी झाकता झाकता सगळं वाचायची आणि संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात गठ्ठ्यातल्या सगळ्या माणसांचे संसार भरलेले असायचे, कोण कुठे शिकलं, कुणाचं लग्न कधी झालं. मग माझं मलाच ते बरं दिसेना. झाकणाऱ्यानेच वाचलं तर झाकण्याला अर्थ काय? म्हणून मी न वाचता झाकायला शिकले. नजर ओळीवर ठेवायची पण शब्दावर टेकू द्यायची नाही. ‘आई’, ‘पती’, ‘प्रसूती’, ‘मुलगा’ असं काही डोळ्यांच्या कडेला हललं की हात आपोआप जायचा. माझ्यासारख्या चोंबड्या बाईने हे साधलं याचा मला गर्व होता. घरी नवऱ्याला मी ते करूनही दाखवलं होतं, वर्तमानपत्रावर. तो म्हणाला होता, “तू वाचत नाहीस यावर मी मरेपर्यंत विश्वास ठेवणार नाही.”

आता उत्सुकता नुसती चाळवली नव्हती, पिसाळली होती. मी त्याच भरतीचे सगळे अर्ज काढले आणि ज्यांच्या नोकरीत खंड आहे तेवढे वेगळे केले. तीनच निघाले. एक सात नंबर. एक तेवीस नंबर, तिथेही माझा काळा ठोकळा, आणि काचेवर धरल्यावर कळलं की तो पुरुष होता, पत्नीच्या आजारपणात दीड वर्ष घरी बसलेला. त्याला सातत्यासाठी सहा गुण. म्हणजे शुश्रूषा करणारा पुरुष असतो हे मला माझ्याच ठोकळ्याखालून कळलं. तिसरा अकरा नंबर. त्याच्या रकान्यात काहीच झाकलेलं नव्हतं. ‘खासगी व्यवसाय, चार वर्षे. पुढे बंद.’ यातून काही सूचित होतं असं माझ्या हाताला वाटलं नव्हतं. चार वर्षांत एकही निबंध नाही, विषयाशी संबंध नाही, धंदा बुडालेला, आणि समितीने वीसपैकी चौदा दिले होते. मी ते तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि खुर्चीत मागे टेकून बराच वेळ नुसती बघत बसले. भीती वाटत होती हे खरं, पण त्याच्या जोडीला जे होतं ते कुतूहलच होतं. आपल्याच हाताचं असं निवांत निरीक्षण करायची वेळ माणसावर फारशी येत नाही.

सोमवार होता. मुलाखती गुरुवारी होत्या. जागेसाठी वयाची मर्यादा पंचेचाळीस, आणि सात नंबरची जन्मतारीख, तीही मीच झाकलेली, सांगत होती की पुढच्या महिन्यात ती ओलांडली जाणार. म्हणजे गुरुवारी ती त्या खोलीत गेली नाही तर या विद्यापीठात पुन्हा कधीच जाणार नव्हती. मी गठ्ठा उचलून कुलसचिवांकडे गेले. आमचे कुलसचिव म्हणजे भला माणूस, पण कागद पुढे सरकवला की खुर्ची मागे सरकवणारा. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “बाई, तुम्ही उगाच खोलात शिरताय. नावं झाकलेली होती की नाही?”

“होती.”

“मग भेदभाव शक्यच नाही. तथ्य नाही म्हणून लिहा आणि मोकळ्या व्हा.”

“पण सर, जे झाकलं ते मी झाकलंय. चूक माझी आहे. ही तक्रार मी तपासणंच बरोबर नाही. दुसऱ्या कुणाकडे द्या.”

“देतो की,” ते चष्म्याच्या काचेवर फुंकर घालत म्हणाले. “नवी समिती नेमायला तीन आठवडे, तिचं कामकाज दोन महिने. चालेल?”

चालणार नव्हतं, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. त्यांनी अगदी मऊ आवाजात आणखी एक सांगितलं, की माझ्या पदाच्या मुदतवाढीचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे आणि ज्या पद्धतीमुळे तो इतका सहज पुढे चाललाय तीच पद्धत मी मोडीत काढायला निघालेय. धमकी नव्हती ती. मला खड्ड्यात पडताना पाहून बाहेरून हाक मारणाऱ्या माणसाचा आवाज होता. मी म्हटलं, बुधवारी सुनावणी ठेवते, तुम्ही हजर राहा. ते म्हणाले, बघू.

दुपारी डबा उघडला आणि बाजूला सरकवला. मी ताईला फोन लावला. या वेळी ती जेवून जरा आडवी होते, म्हणून मी सहसा लावत नाही. आईच्या शेवटच्या आठ वर्षांत ताईच तिच्याजवळ होती. ताई एका मोठ्या प्रयोगशाळेत होती, रक्त काढायची, तपासायची, तिचा हात इतका हलका की लहान मुलं रडायची नाहीत म्हणे. ती नोकरी तिने सोडली. त्याच आठ वर्षांत मला दोन बढत्या मिळाल्या. मी दर रविवारी फळं घेऊन जायची, तास-दीड तास बसायची, आईचे पाय चेपायची, आणि निघताना ताई मला दारापर्यंत सोडायला यायची तेव्हा तिच्या साडीला औषधाचा वास यायचा. तो वास मला नको व्हायचा. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

“काय गं, या वेळी? सगळं ठीक ना?” ताई म्हणाली.

“ठीक आहे. ताई, एक विचारू? तू त्या आठ वर्षांत काय करत होतीस?”

“कुठल्या आठ?”

“आईच्या.”

“काय करणार! आईचं करत होते.” मग ती हसली. “चोंबडे, आज एकदम चौकशी कसली? मृत्युपत्र सापडलं की काय कपाटात?”

“नाही गं. आईचं करत होतीस ते माहितीये. पण म्हणजे, दिवसभर काय? मला सांग ना.”

मग तिने सांगायला सुरुवात केली आणि मला वाटलं होतं ती उष्टी-खरकटी सांगेल, पण तिने वेगळंच सांगितलं. आईची साखर दर दोन तासांनी कशी वरखाली होते ते तिने एका वहीत मांडलं होतं. रात्रीच्या कुठल्या गोळीनंतर सकाळी आईचं बोलणं जड होतं ते तिनेच शोधलं, डॉक्टरांनी मानलं नाही, मग वही दाखवली तेव्हा गोळी बदलली. त्यानंतर आई पुढे दोन वर्षं स्वच्छ बोलत होती. ती दोन वर्षं मला आठवत होती. आईने माझ्या दुसऱ्या बढतीला फोनवर मोठ्याने आशीर्वाद दिला होता. मी ते आईचं कर्तृत्व समजले होते. “तू हे कधी बोलली नाहीस,” मी म्हटलं. “तू कधी विचारलं नाहीस,” ताई म्हणाली, त्यात राग नव्हता, आणि मग तिने जेवलीस का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मी रडले. डबा तसाच बंद केला.

बुधवारी अकरा वाजता माझ्या खोलीत आम्ही चौघं होतो. सात नंबर वेळेआधी दहा मिनिटं आली. मी तिची कल्पना किडकिडीत, करारी अशी केली होती. प्रत्यक्षात बाई गोलमटोल, गालांना खळ्या, हातात छत्री आणि पिशवी, आणि आल्या आल्या तिने माझ्या टेबलावरच्या गठ्ठ्यांकडे इतक्या मोकळ्या उत्सुकतेने पाहिलं की मला ती लगेच आवडली. नंतर संख्याशास्त्राचे विभागप्रमुख आले. छाननी समितीचे अध्यक्ष तेच. उंच, नीटस, बोलताना प्रत्येक वाक्याला मान हलवून पूर्णविराम देणारे. कुलसचिव शेवटी आले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले. सुनावणीची आमची रीत साधी आहे. ज्याने जे सांगितलं ते मी हाताने लिहून घेते, त्याला वाचून दाखवते, तो सही करतो.

विभागप्रमुखांनी सुरुवातीलाच हात झटकले. “आम्हाला कारण दिसलं नाही. दिसलं नाही ते आम्ही कसं वाचणार? झाकणाऱ्याला विचारा.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं आणि सात नंबरकडे वळले. “ते मी झाकलं होतं. कौटुंबिक मजकूर म्हणून.”

ती रागावेल असं वाटलं होतं. “तुम्ही?” ती म्हणाली. “त्या ओळी लिहायला मला आठवडा लागला होता हो. जास्त लिहिलं तर रडगाणं वाटेल, कमी लिहिलं तर काहीच वाटणार नाही. मोठ्याने वाचता का जरा? ह्यांनी ऐकल्याच नाहीयेत.”

मी वाचल्या. आईच्या दीर्घ आजारपणात, उशाशी बसून, नऊ व दहा. खोलीत वाचताना त्या काचेवर होत्या त्याहून लांब वाटल्या. वाचून झाल्यावर मला एक साधा प्रश्न पडला. डाव वगैरे नव्हता तो. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, की माझ्या त्या ठोकळ्याने नक्की किती नुकसान केलं. सहापर्यंत गेले असते? चौदापर्यंत? मी विभागप्रमुखांना विचारलं, “सर, हे माहीत असतं तर किती गुण दिले असतेत?”

त्यांनी खरंच विचार केला. छताकडे पाहिलं, मान एकदा हलवली. “दोनसुद्धा दिले नसते,” ते म्हणाले.

कुलसचिव खुर्चीत ताठ झाले. “सर, म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का, की—”

“मला तेच म्हणायचंय जे मी म्हणतोय. कारण नमूद नाही म्हटल्यावर आम्ही संशयाचा फायदा दिला. कदाचित परदेशी असेल, कदाचित व्यवसाय असेल. पण सहा वर्षं आजाऱ्याचं करत बसलेल्या माणसाचं लक्ष विषयात राहत नाही. निबंध येतात एखाद-दोन, ते ठीक. उद्या घरात दुसरं कोणी आजारी पडलं की ह्या पुन्हा घरी. बायकांचं असतंच ते. मी तीस वर्षं विभाग चालवतोय, अनुभवाने सांगतो. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.”

त्यांच्या आवाजात खुनशीपणाचा लवलेश नव्हता. पावसाळ्यात छत्री ठेवावी असं सांगावं तसं ते सांगत होते. मी लिहीत होते, शब्दाला शब्द. मग रीतीप्रमाणे वाचून दाखवलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. ‘बायकांचं असतंच ते’ या वाक्याशी त्यांनी बोट वर केलं. मला वाटलं, आता खोडायला सांगणार.

“तिथे ‘बहुतेक’ घाला,” ते म्हणाले. “बहुतेक बायकांचं. सरसकट बोलणं संख्याशास्त्रात बसत नाही.”

मी ‘बहुतेक’ घातलं. त्यांनी खिशातलं पेन काढून नीट, वळणदार सही केली, तारीख टाकली, तास आहे म्हणाले आणि सगळ्यांना नमस्कार करून गेले. सात नंबर हसत होती. आवाज न करता, तोंडावर पदर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते सगळं हसणं नव्हतं.

कुलसचिव उठून टेबलापाशी आले, तो कागद त्यांनी उभ्या उभ्या दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच मी त्यांना खुर्ची मागे न सरकवता निर्णय घेताना पाहिलं. “बाई उद्या साडेदहाला मुलाखतीला येतील. सरांच्या जागी बाहेरचा तज्ज्ञ बसेल, मी आत्ता फोन करतो.” मग आवाज खाली आणून मला म्हणाले, “अहवालात एवढं पुरे आहे. सरांनी स्वतःच्या सहीने दिलंय. तुमच्या मार्करचा विषय कशाला काढायचा? काढलात तर सहा वर्षांच्या सगळ्या भरत्या उघडाव्या लागतील.”

ते खरं होतं, आणि मोहात पाडणारं होतं हे मी लपवत नाही. कुणीतरी माझ्यापेक्षा स्वच्छ चूक करून, त्यावर सही करून गेलं होतं. मी गप्प बसले असते तर सात नंबरचं काहीच बिघडणार नव्हतं. बिघडायचं ते तेवीस नंबरचं, आणि त्याच्या आधीच्या पाच भरत्यांतल्या किती जणांचं कोण जाणे, ज्यांनी आठवडा आठवडा घालवून अडीच ओळी लिहिल्या असतील आणि तक्रार करायचं ज्यांना सुचलंच नसेल. त्या ओळींमध्ये काय काय असेल हे मला कळायलाच हवं होतं. माझी भीती माझ्या उत्सुकतेपेक्षा लहान निघाली, एवढंच मी स्वतःविषयी बरं सांगू शकते.

“उघडाव्या लागतील तर उघडू,” मी म्हटलं. कुलसचिव फोन करायला निघून गेले. मी कोरा कागद घेतला. वर लिहिलं, जबाब, आणि खाली माझं पद. मग अडले, कारण जबाबाला कुणीतरी प्रश्न विचारावा लागतो आणि या खोलीत प्रश्न विचारणारी मीच असते. सात नंबर छत्री उचलून निघायच्या बेतात होती.

“जरा थांबता का?” मी म्हटलं. “मला तुम्ही विचारा.”

“काय विचारू?”

“तुम्हाला जे कळायला हवं असेल ते.”

ती पुन्हा बसली. पिशवी मांडीवर घेतली. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, मी काचेवरच्या कागदाकडे पाहिलं असेल तसंच. “झाकताना त्या ओळी वाचल्या नाहीत ना तुम्ही?” तिने विचारलं. “का नाही वाचल्यात?”

मी तोंड उघडलं ते नियम सांगायला. नियम तोंडपाठ होता.

“वाचल्या असत्या,” मी म्हटलं, “तर झाकता आल्या नसत्या.”

“लिहा,” ती म्हणाली.

मी लिहिलं, तिला वाचून दाखवलं आणि सही केली.